हार कुणाच्या खात्यात?

हरल्यावर माणूस पहिली शिवी कुणाला देतो, यावरून व्हिडिओ गेमची परीक्षा होते. स्वतःला दिली तर खेळ चांगला. खेळाला दिली तर खेळ कच्चा, नाहीतर खेळणारा कच्चा. आणि शिवी द्यायच्या ऐवजी हात पाकिटाकडे गेला, तर समजावं की खेळ बनवणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे आणि त्याने ती भलत्याच जागी खर्च केली आहे. या पुस्तकातली सगळी मतं या एका कसोटीवर घासून घेतली आहेत. चित्रं, गोष्ट, संगीत यांच्याबद्दलही लिहिलंय, पण ते मागाहून. आधी प्रश्न एकच: मी मेलो तो माझ्यामुळे की तुझ्यामुळे?

नाटकाच्या तिसऱ्या अंकावर, गवयाच्या मारव्यावर आणि मुंबईच्या रणजी संघनिवडीवर रात्रभर भांडायची मराठीत सोय आहे. व्हिडिओ गेमवर नाही. गेम आपल्या वर्तमानपत्रांत दोनच निमित्तांनी येतात: एखाद्या पोराने मोबाईलपायी काही भलतंच केलं की, नाहीतर या धंद्याची उलाढाल अमुक कोटींवर गेली की. पहिल्या बातमीत गेम म्हणजे व्यसन, दुसरीत गेम म्हणजे देशाची प्रगती. तो खेळ मुळात बरा होता का, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. हे पुस्तक तेवढंच विचारतं.

मतं कुणाची आहेत हेही सांगायला हवं, कारण खेळ कुठे आणि कसा खेळला यावर मत ठरतं. मी नेरुळचा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची, वाशीपर्यंत लोकल आली १९९२ साली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत माझ्यासारखी बरीच पोरं लालबाग, चेंबूर, डोंबिवली सोडून आईबापांबरोबर खाडीच्या या बाजूला आली. सेक्टर आखून तयार होते, माणसं यायची होती. इमारतींच्या तळमजल्यावरचे गाळे रिकामे असायचे आणि त्यांतल्या एखाद्यात, झेरॉक्सवाला आणि पिठाची गिरणी यांच्या मधे, व्हिडिओ गेम पार्लर उघडायचं. पुढे त्याच गाळ्यात सायबर कॅफे आला, मग मोबाईल रिपेरिंग. आता मॉलमध्ये गेमिंग झोन आहेत आणि नवी मुंबईतल्या भाड्याच्या फ्लॅटांत ई-स्पोर्ट्सचे संघ एकत्र राहून रात्र रात्र सराव करतात. जे गेम अमेरिका-जपानच्या मुलांनी घरी, नव्या कोऱ्या डब्यातून काढून खेळले, ते आम्ही तासाच्या भाड्याने खेळलो, मागे तिघं नंबर लावून उभे असताना. ज्याच्या मागे रांग असते त्याला हार जास्त लागते. म्हणून माझी मतं थोडी तिखट आहेत.

पहिलं प्रकरण अर्थातच 'मुस्तफा'चं. या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला, मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकन कॉमिकवरून. आमच्या पार्लरमध्ये हे नाव कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा अशी चार पात्रं होती. पिवळी टोपी घातलेला मुस्तफा सगळ्यांत चपळ, पळत येऊन उडी मारून घातलेली त्याची लाथ सगळ्यांत भारी, म्हणून जो तो त्यालाच घ्यायचा. खेळालाही त्याचंच नाव पडलं, आणि तेही एकट्या मुंबईत नाही, देशभर. कंपनीला न विचारता अख्ख्या देशाने एका गेमचं बारसं केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तर मत. मुस्तफा हा कॉईन खाण्यासाठीच बांधलेला खेळ आहे. गुंड दोन्ही बाजूंनी घेरतात, बॉसची लाईफ संपली म्हणावं तर पट्टीचा नुसता रंग बदलतो आणि खाली आणखी एक पट्टी निघते, आणि मेल्यावर पडद्यावर उलटे आकडे सुरू होतात, ते शून्यावर यायच्या आत खिशातून पुढचं कॉईन निघालं पाहिजे. लहान मुलाच्या घाईवर चालणारा इतका चोख धंदा मी पुढे बँकेतही पाहिला नाही. पण प्रत्येक पार्लरमध्ये एखादा दादा असायचा जो एका कॉईनमध्ये गेम संपवायचा. त्याच्या मागे गर्दी व्हायची. गुंड कुठून येणार हे त्याला पाठ असायचं, कोणत्या पिंपात खायला आहे आणि कोणत्यात बंदूक, हेसुद्धा. तोच खेळ, तीच बटणं. म्हणजे खेळ लबाड नव्हता. व्याज जबर लावत होता एवढंच, हिशेब सरळ होता. पुढे घरच्या कॉम्प्युटरवर इम्युलेटर आला, मुस्तफा फुकट मिळाला आणि कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की हवी तितकी कॉईनं पडायला लागली. आम्ही तिघांनी तो एका दुपारी शेवटपर्यंत संपवला आणि परत कधी लावला नाही. मरण फुकट झालं की त्या खेळात काही उरत नाही.

टीव्हीला जोडायच्या गेमवर मी फार वेळ घालवलेला नाही. 'समुराई', 'मीडिया' असल्या नावांची यंत्रं, पिवळी-लाल कॅसेट, कॅसेटवर '९९९९ गेम' आणि आत मोजून दहा-बारा, बाकी सगळी त्यांचीच पुनरावृत्ती. 'काँट्रा' आणि 'मारिओ' यांची थोरवी सांगायला जगात पुष्कळ लोक आहेत. माझी शिफारस 'बॅटल सिटी'ची: विटांच्या भिंती, दोन रणगाडे, आणि मधे आपला गरुड. या खेळात आपल्याच गोळीने आपला गरुड फुटू शकतो. १९८५ सालच्या त्या चिमुकल्या गेमने हार कुणाच्या खात्यात मांडायची याचं जे शिक्षण दिलं ते पुढे मोठमोठ्या गेमना जमलं नाही.

सगळ्यांत लांब प्रकरण आहे 'प्रोजेक्ट आयजीआय'चं. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने २००० साली काढलेला हा खेळ. परदेशी समीक्षकांनी त्याला मध्यम गुण देऊन बाजूला सारलं. आपल्याकडे मात्र ज्याच्या घरी कॉम्प्युटर त्याच्या घरी आयजीआय अशी स्थिती होती, कारण तो साध्या मशीनवर चालायचा आणि त्याची सीडी कुणा ना कुणाकडे असायचीच. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा माणूस, काटेरी कुंपणं, बर्फाळ तळ, आणि मोहिमेच्या मधे सेव्ह करायची सोयच नाही. अर्धा तास सरपटत, कॅमेरे चुकवत शेवटच्या दारापाशी यावं, मागून एका पहारेकऱ्याने पाहावं, आणि सगळं पहिल्यापासून. त्यातल्या शत्रूला बुद्धी बेताची. भोंगा वाजला की बराकीतून शिपाई येतच राहतात, आणि आपण दाराच्या बाजूला उभे राहिलो की एकेक करून मरतातही. हे दोष मी प्रकरणात सविस्तर लिहिलेत. तरी मी या खेळाच्या बाजूने उभा आहे. त्याचे नियम क्रूर होते, पण पहिल्या मिनिटापासून उघड होते. दारापाशी मी पकडला गेलो तो घाई केली म्हणून. त्यानंतर आलेल्या शेकडो गेमनी दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह करून मला इतकं जपलं की त्यांतल्या एकाही दाराची मला आठवण नाही.

'व्हाइस सिटी'बद्दल थोडं उलटं. हा २००२ सालचा गेम थोर आहे हे मला फार उशिरा कळलं, कारण आमच्याकडे फिरणाऱ्या सीडीत आकार कमी करण्यासाठी रेडिओवरची गाणी कापून टाकलेली असायची. मायामीच्या धर्तीवरचं ते ऐंशीच्या दशकातलं शहर आम्ही मुकं पाहिलं. त्या शहराचा अर्धा प्राण गाडीतल्या रेडिओत होता. आणि 'डिमॉलिशन मॅन' ही मोहीम! रिमोटच्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने अर्धवट बांधलेल्या इमारतीत बॉम्ब ठेवायचे, घड्याळ चालू. कॉम्प्युटरवर ते हेलिकॉप्टर उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी चालायचं, आणि सायबर कॅफेच्या कीबोर्डवर नेमकी तीच बटणं गेलेली असायची. नवी मुंबईच्या एका पिढीने ती मोहीम सोडून दिली आणि 'पॅन्झर' टाइप करून रणगाडा बोलावला. त्या हारीचा मी आजही इन्कार करतो.

क्रिकेटचं प्रकरण लिहिताना मला सगळ्यांत जास्त सांभाळावं लागलं, कारण यावर मित्र तुटतात. 'क्रिकेट ०७' हा ईए स्पोर्ट्सचा शेवटचा क्रिकेट गेम, बनवला एचबी स्टुडिओजने, बाजारात आला २००६ च्या अखेरीस. रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचं समालोचन. भारतीय संघाचा परवाना नसल्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड करून लिहिलेली. कंपनीने क्रिकेट सोडून दिलं, पण आपल्या पोरांनी हा गेम सोडला नाही. आयपीएल सुरू झाली २००८ साली, म्हणजे गेम आल्यानंतर. तरी दरवर्षी नवे संघ, नवे पोशाख, नवी मैदानं घालून कुणीतरी पॅच तयार करायचा आणि तो पेन ड्राइव्हवरून घरोघर जायचा. पैसे न घेता, नाव न लावता केलेलं इतकं काम मी दुसऱ्या कुठल्या गेमसाठी पाहिलेलं नाही.

इतकं प्रेम असूनही माझं मत असं की क्रिकेट म्हणून तो सुमार आहे. ठरावीक चेंडूला ठरावीक बटण सापडलं की प्रत्येक षटकात छत्तीस धावा, आणि मग हरायचं कसं हाच प्रश्न उरतो. क्रिकेटमध्ये फलंदाज एका चुकीने बाद होतो. तीच भीती या खेळातून गळून पडली. ऑस्ट्रेलियाच्या बिग अँट स्टुडिओजने 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४'मध्ये ती परत आणली. पहिल्या आठवड्यात मी दोन आकडी धावा करू शकलो नाही आणि प्रत्येक वेळी ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला हवा होता हे मला बाद झाल्याक्षणी कळत होतं. माझ्या मित्रांपैकी कुणालाही हा गेम आवडत नाही. ते चुकतात.

नवी मुंबईकर म्हणून एका गेमचा मान मोठा आहे, आणि त्याचं नाव ऐकून गंभीर गेमर नाक मुरडतात: 'लुडो किंग'. विकास जयस्वाल यांच्या गेमेशन टेक्नॉलॉजीज या नवी मुंबईतल्या कंपनीने तो २०१६ साली आणला. आपल्या पचिसीवरून इंग्रजांनी १८९६ साली लुडोचं पेटंट घेतलं, आणि सव्वाशे वर्षांच्या आतच तो खेळ खाडीकाठच्या एका कंपनीमार्फत मोबाईलमध्ये शिरून जगभर गेला. दहा कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडणारा तो पहिला भारतीय गेम. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं आणि ते संपलं की घरोघर लुडो सुरू व्हायचं. माझी आत्या सांगलीत, आम्ही नेरुळला, चुलत बहीण दुबईला, आणि सगळे एकमेकांची सोंगटी मारायला टपलेले.

या खेळाबद्दल सगळ्या भारताचं एकच मत आहे: फासा लबाड आहे. समोरच्याला हवा तेव्हा सहा पडतो, आपल्याला पडत नाही. माझ्या आत्याची यावर इतकी श्रद्धा आहे की ती मोबाईल हलवून मग बोट लावते. मला हा आरोप पटत नाही, आणि का पटत नाही ते आकड्यांनी सांगतो. दहा वेळा सरळ फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. म्हणजे चौघं खेळायला बसले, तर साधारण निम्म्या डावांत चौघांपैकी निदान एक जण पहिल्या दहा फेकींत घराबाहेरच पडत नाही. बाकीचे तिघं पुढे जाताना तो नुसता बघत बसतो आणि त्याला कट दिसायला लागतो. प्रत्यक्ष फासा असता तर तो हातात घेऊन खुळखुळवता आला असता, फुंकर मारता आली असती, आणि नाही पडला तर दोष नशिबाला. मोबाईलने फासा हातातून काढून घेतला आणि नशीब कंपनीच्या नावावर चढवलं. लुडोत हार कुणाच्याच चुकीची नसते, म्हणून ती सगळ्यांत जास्त झोंबते. खेळ म्हणून मी त्याला कमी गुण देतो. घर एकत्र बसवणारी गोष्ट म्हणून त्याच्या जवळपासही दुसरा गेम नाही.

आता 'पबजी'. आपल्या सरकारने 'पबजी मोबाईल'वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' होऊन परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. या येण्याजाण्यात रक्ताचा लाल रंग हिरवा करायची सोय झाली, बाकी खेळ तोच. शंभर जण उतरतात, एक जिंकतो. नव्व्याण्णव जण हरूनही लगेच दुसरा डाव लावतात याचं कारण शोधायला गेलो तेव्हा भाच्याने एका वाक्यात सांगितलं, "मामा, तू पावलांचा आवाज ऐकत नाहीस म्हणून मरतोस." बरोबर होतं. मारणारा आधी ऐकू येतो, दिशेसकट. ऐकलं नाही तर दोष आपला. इथवर माझी या खेळाबद्दल तक्रार नाही. तक्रार जिंकण्याबद्दल आहे. सुरुवातीच्या पातळ्यांवर समोर आलेले बरेच शत्रू ही माणसं नसतातच, संगणकाने चालवलेले बुजगावणे शिपाई असतात. ते दोन फुटांवरून नेम चुकवतात. नवख्या पोराला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'चिकन डिनर' (म्हणजे डावातला विजय) मिळतं आणि आपण जन्मजात नेमबाज आहोत असं त्याला वाटायला लागतं. खोटं हरवणाऱ्या गेमपेक्षा खोटं जिंकवणारा गेम जास्त घातक, कारण हरलेला माणूस निदान चौकशी तरी करतो.

आणि पाकीट. फुटबॉलचा 'फिफा', जो २०२३ पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने येतो, मैदानावर उत्तम आहे. त्यातला 'अल्टिमेट टीम' हा प्रकार मात्र वेगळा: खेळाडूंची बंद पाकिटं पैसे देऊन विकत घ्यायची, आत कोण निघेल ते उघडल्यावर कळणार. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवलं आणि पुढच्या वर्षी कंपनीला तिथली ही विक्री थांबवावी लागली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. रमी आणि तत्सम ॲप गेले. त्याच्या महिनाभर आधी आपल्याच विधान परिषदेत एक मंत्री मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला होता. ते म्हणाले, मी आलेली जाहिरात बंद करत होतो. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. कायद्याबद्दल माझं मत प्रकरणात आहे. थोडक्यात एवढंच की रोख लावून रोख मिळवणं बंद झालं. लहान मुलाला बंद पाकिटाची चटक लावणं हा माझ्या लेखी तितकाच गंभीर प्रकार आहे आणि त्यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा नाही.

ज्यांना जग डोक्यावर घेतं अशा काही गेमबद्दल मी या पुस्तकात बरं लिहिलेलं नाही. 'रेड डेड रिडेम्पशन २' (२०१८) मध्ये घोड्याच्या घामापासून बर्फातल्या पावलांपर्यंत सगळं जिवंत आहे, पण मोहीम चालू असताना ठरलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलं की गेम म्हणतो, हरलास. का हरलो? तुम्ही मोकळं रान दाखवलं आणि मी त्यात शिरलो म्हणून. याच्या उलट 'एल्डन रिंग' (२०२२). दिग्दर्शक मियाझाकी यांच्या या खेळाने मला जितक्या वेळा मारलं तितकं कुणी मारलं नसेल, आणि एकदाही मला त्यांच्याकडे बोट दाखवता आलं नाही. पण सोसायला लावणारे गेम तेवढेच थोर, हेही मला मान्य नाही. 'सेलेस्ट' (२०१८) हा डोंगर चढणाऱ्या मुलीचा छोटा गेम मरणाचा आकडा दाखवतो आणि जितके मेलात तितके शिकलात असा धीर देतो. कुणाला फारच अवघड गेलं तर वेग कमी करायची मुभाही देतो. हार आपलीच राहते, अपमान होत नाही.

उरले आपल्याबद्दलचे गेम. इथे माझी कसोटी मलाच जड गेली, कारण पडद्यावर आपलं काही दिसलं की माणूस पाघळतो. 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) मध्ये मराठे घेऊन खेळता येतं. पट सुरू होतो १७०० साली, मुघलांशी युद्ध पहिल्या क्षणापासून. त्याच वर्षी प्रत्यक्षात सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं आणि ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली, तेव्हा सुरुवात तरी नेमकी आहे. भगवा घेऊन दिल्लीला जाताना अंगावर काटा आला हे नाकारत नाही. पण जिंकलो कुणाला? गेम बाजारात आला तेव्हा संगणकाच्या फौजा समुद्रातून उतरून हल्लाच करत नसत. ते पुढच्या दुरुस्तीत आलं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. गेममध्ये मात्र कोकण किनारा शतकभर निवांत. असं साम्राज्य मिळवून मला तरी समाधान झालं नाही.

डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हच्या 'हिटमन २' (२०१८) मध्ये मुंबई आहे: झोपडपट्टी, रेल्वे यार्ड, आणि एका मग्रूर बिल्डरची सिनेमावेडी गगनचुंबी इमारत. त्यातल्या एका गुंडाचं नाव वझीर काळे. आमच्या सोसायटीतल्या काळ्यांना मी ते मुद्दाम दाखवलं. सगळी मुंबई इंग्रजीत बोलते, आणि परदेशी डोळ्यांना मुंबईत जे हमखास दिसतं तेच यांनाही दिसलं. पण खेळ म्हणून मी या मुंबईला या पुस्तकातले सर्वोच्च गुण दिलेत. गर्दी खरी वाटते, गर्दीत लपता येतं, तो वझीर दिसतो कसा हे कुणाला माहीत नाही, शोधून काढावं लागतं, आणि पकडले गेलो तर कुठे घाई झाली ते लख्ख आठवतं. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) याच्या बरोबर उलट. पश्चिम घाट, गणपतीचा सुळा, परशुरामाची गोष्ट, हळेबीडू आणि बेलूरची नावं; सगळं देखणं. फक्त ती नगरं जंगलात हरवलेले भग्नावशेष म्हणून दिसतात, आणि खऱ्या बेलूरच्या चेन्नकेशवाची आजही रोज पूजा होते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० साली आला. त्याआधी लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. पुढे हिंदी संवादही घातले. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, मधली दृश्यं सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात, भाऊ शोधत निघालेली सर्कसमधली मुलगी हवेत गिरक्या घेते. पहिला तास मी थक्क होऊन खेळलो. मग लढाया वाढल्या. कॅमेरा आपल्या हातात नाही, लांबून दिसणाऱ्या गर्दीत घाव कुणी घातला ते कळत नाही, आणि शेवट येतो तो कुणीतरी पान फाडल्यासारखा. आपल्या माणसांनी केलंय म्हणून गुण वाढवा, असं मला बऱ्याच मित्रांनी सुचवलं. वाढवले नाहीत. पुण्याच्याच सुपरगेमिंगच्या 'इंडस'लाही (२०२४) मी याच मापाने मोजलंय. सगळ्यांना न मारता कॉस्मियम नावाची वस्तू ताब्यात घेऊन जिंकायची त्यातली वाट मला आवडली. आपल्याकडच्या गेमना कौतुकाचे हार पुष्कळ मिळतात. कुणीतरी बसून, शेवटपर्यंत खेळून, कॅमेरा चुकलाय असं सांगणारा माणूस मिळत नाही.

या पुस्तकात गुणांचा तक्ता नाही, चांदण्या नाहीत, आणि अजून बाजारात न आलेल्या एकाही गेमबद्दल शब्द नाही. ट्रेलर पाहून मत देणाऱ्यांची कमी नाही. जे गेम मी अर्ध्यात सोडले त्यांच्या प्रकरणांवर तसं स्पष्ट लिहिलंय, आणि का सोडले तेही. रात्री दोन वाजता हेडफोन लावून ओरडणाऱ्या माणसाला इतकी वर्षं सहन केल्याबद्दल घरच्यांचे आभार मानायला हवेत, ते इथे मानतो.

प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. तुमचा आवडता गेम अनुक्रमणिकेत शोधा. त्याला मी झोडपलं असेल तर आधी तेच प्रकरण वाचा. मत पटलं नाही तर भांडा, लेखी भांडा, मराठीत भांडा. फक्त तो गेम आधी शेवटपर्यंत खेळून संपवा, आणि चीट न वापरता.